चुनखडीच्या कड्यावरचा हंसराज: ओळख पटवायची ती या क्रमाने

पावसाळा सरला की मसुरी-देहरादूनकडे जाऊन आलेल्या कुणाचा तरी फोटो येतोच. ओला पांढुरका कडा, त्याच्या सांदीतून लोंबणारी काळ्या तारेसारख्या देठांची जुडी, त्यावर पंख्याच्या आकाराची नाजूक हिरवी पानं. खाली एका ओळीत प्रश्न: "हंसराजच ना हा?" फोटो सुरेख असतो, पण त्यावरून उत्तर देता येत नाही. पान फक्त वरून दिसतं, आणि या फर्नची ओळख पानाच्या पाठीवर असते.

दुसरी अडचण नावाची आहे. हंसराज, हंसपदी ही नावं आपल्याकडे एकाच वनस्पतीची नाहीत. सह्याद्रीत पावसाळ्यात सगळीकडे उगवणाऱ्या फर्नलाही हंसराज म्हणतात आणि हिमालयातल्या चुनखडीवरच्या फर्नलाही. हा लेख दुसऱ्याबद्दल आहे: ॲडियान्टम कॅपिलस-व्हेनेरिस. चुना मुरलेलं पाणी झिरपतं अशा कड्यांवर, गुहांच्या तोंडाशी, विहिरींच्या आतल्या भिंतींवर तो वाढतो. परदेशातल्या वाचकांना हाच फर्न आयर्लंडच्या बरेनमधल्या चुनखडीच्या भेगांत किंवा अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या पाझरत्या कड्यांवर भेटेल. क्रम तिथेही हाच चालेल, फक्त चकवणारे भाऊबंद वेगळे असतील.

लेखात दोन शब्द पुन्हा पुन्हा येतील. खोडापासून टोकापर्यंतचं सगळं मिळून एक "पान". त्या पानाचा शेवटचा, सुटा, पंख्यासारखा तुकडा ती "पर्णिका". नवखे लोक पर्णिकेलाच पान समजतात आणि मग "पान किती विभागलंय" या प्रश्नावर गाडी अडते.

## निघण्यापूर्वीची तयारी

सामान थोडंच लागतं, पण त्यातलं काही वगळून चालत नाही.

- १० पट मोठं दाखवणारं भिंग, दोरीने गळ्यात अडकवलेलं. खिशात ठेवलेलं भिंग वेळेला बाहेर निघत नाही.
- मिलिमीटरच्या खुणा असलेली लहान मोजपट्टी. नाणं शेजारी ठेवून फोटो काढू नका. कुठलं नाणं होतं ते नंतर आठवत नाही.
- एक बारीक टाचणी आणि टोकदार चिमटा.
- जुनी वही किंवा वर्तमानपत्राच्या घड्या, आणि त्या दाबायला दोन पुठ्ठे व रबर.
- ड्रॉपरच्या बाटलीत थोडं पांढरं व्हिनेगर.
- पेन्सिल. ओल्या कड्याजवळ बॉलपेन उठत नाही.

वेळही निवडावी लागते. पानाच्या पाठीवर बीजुककोश (फर्नच्या धुळीसारख्या बीजुकांच्या, म्हणजे स्पोअरच्या, चिमुकल्या पिशव्या) तयार झालेले नसतील तर अर्धी तपासणी होतच नाही. मसुरीच्या बाजूला ऑगस्ट ते नोव्हेंबर हा काळ सोयीचा. भर पावसात कड्याखाली उभं राहू नये, म्हणून मी सप्टेंबरच्या शेवटापासून पुढे जातो. सह्याद्रीत सरावासाठी फिरणार असाल तर ऑक्टोबर गाठा. नंतर आपल्याकडचे बरेचसे लहान फर्न वाळून जमिनीशी जातात.

निघण्याआधी घरी एक सराव जरूर करा. रोपवाटिकेतून "मेडनहेअर" म्हणून मिळणारी कुंडी आणा आणि पुढचे सगळे टप्पे तिच्यावर करून बघा. ती बहुधा दक्षिण अमेरिकेतली ॲडियान्टम रॅडिॲनम असते, म्हणजे आपल्या फर्नची सर्वांत फसवी नक्कल. नक्कल नीट पाहिलेली असली की अस्सल ओळखायला वेळ लागत नाही.

सावध: काष्ठौषधींच्या दुकानात "हंसराज" किंवा "परसियावशान" म्हणून मिळणारी वाळकी पुडी तुलनेसाठी वापरू नका. त्यात काय काय मिसळलंय ते सांगता येत नाही. आणि उलटही तितकंच महत्त्वाचं: कड्यावर ओळख पटली म्हणून घरी काढा करू नका.

सावध: पावसानंतर चुनखडीचे कडे सुटतात. ज्याच्या पायथ्याशी ताजे, धारदार तुकडे पडलेले दिसतात त्या कड्याखाली थांबू नका. उंचावरच्या झुपक्यासाठी वर चढायची गरज नसते. पाझर वर असेल तर खालीही एखादं रोप सापडतंच. संरक्षित जंगलात आणि पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या वास्तूंवर परवानगीशिवाय काहीही तोडायचं नाही. तिथे फोटो आणि नोंदींवर भागवायचं.

## टप्पा १: आधी खडक, मग फर्न

कड्याशी पोचलं की हात थेट पानाकडे जातो. थांबा, आधी खाली पडलेला खडकाचा तुकडा उचला.

त्याचा एक कोपरा दुसऱ्या दगडाने घासून थोडी पूड करा, तिच्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका आणि भिंगातून पाहा. बारीक बुडबुडे सुटले तर चुना आहे. व्हिनेगर सौम्य असतं, त्यामुळे फेस उसळण्याची वाट पाहू नका. भिंगाखाली मोहरीपेक्षा लहान बुडबुड्यांची ओळ दिसली तरी पुरे. बाथरूम धुण्याचं ॲसिड कुणी सुचवलं तर ऐकू नका, पाठपिशवीत ते सांडलं की पुढची ट्रिप संपली.

मसुरीच्या डोंगरात चुनखडीबरोबर डोलोमाइट हा तिच्यासारखाच दिसणारा खडकही भरपूर आहे, आणि डोलोमाइट व्हिनेगरला जेमतेम दाद देतो. म्हणून बुडबुडे आले नाहीत तर "चुना नाही" असं लिहू नका, "बुडबुडे दिसले नाहीत" एवढंच लिहा. त्याऐवजी आसपास पाहा: पाणी ठिबकतं तिथे पांढरट, खरबरीत कवच साचलंय का, शेवाळ दगडासारखं कडक झालंय का. देहरादूनजवळच्या सहस्रधारेला हे इतकं ठळक आहे की चाचणीची गरजच पडत नाही. तिथे ठिबकणारं पाणी शेवाळावर, काटक्यांवर, पानांवरसुद्धा चुन्याचा लेप चढवतं.

महाराष्ट्रात एक वेगळीच फसगत होते. आपला सह्याद्री बेसाल्टचा, चुनखडीचा नव्हे. पण बेसाल्टच्या पोकळ्यांत कॅल्साइटचे पांढरे गर असतात, आणि काळ्या कड्यातल्या नेमक्या त्या गरावर व्हिनेगर टाकून "चुनखडी सापडली" म्हणणारे मी पाहिलेत. काळ्या भागाचीही पूड करून बघा. गडांच्या भिंतींत आणि जुन्या बारवांत मात्र चुना खरोखर असतो, तो दगडांमधल्या दर्जांत. चुना आवडणारे फर्न तिथे दर्जेच्या रेषेत ओळीने उगवलेले दिसतात, दगडाच्या तोंडावर नाहीत. सरावासाठी अशी भिंत उत्तम.

तपासा: नोंदवहीत तीन गोष्टी आल्या का? बुडबुडे आले की नाही. पाणी ठिबकतंय, झिरपतंय की जागा कोरडी आहे. रोप दगडावर आहे, भेगेत आहे की चुन्याच्या दर्जेत.

खडक हा पुरावा नव्हे, तो नुसता इशारा आहे. आपला फर्न बेसाल्टच्या पाझरावरही येऊ शकतो, आणि चुनखडीवर दुसरे दहा फर्न असतात.

## टप्पा २: हा फर्नच आहे ना?

प्रश्न बाळबोध वाटेल, पण मसुरीच्या वाटांवर थॅलिक्ट्रम नावाची फुलझाडं असतात (स्थानिक लोक त्यातल्या एकीला ममीरा म्हणतात) आणि त्यांची पानं वरून पाहिली तर हुबेहूब हंसराज. फोटोवरून तर भलेभले चुकतात.

तीन गोष्टी पाहा. कोवळं पान टोकाकडून आत गुंडाळलेलं, घड्याळाच्या स्प्रिंगसारखं आहे का? फर्नचं तसं असतं, थॅलिक्ट्रमचं नसतं. देठ तारेसारखा कडक, काळा आणि चकचकीत आहे का? थॅलिक्ट्रमचा हिरवट, मऊ असतो. आणि कुठेही फूल, कळी किंवा फळ दिसलं तर विषय संपला.

सेलाजिनेला या शेवाळासारख्या दिसणाऱ्या वनस्पतीचा घोटाळा याच्या उलट. ती कड्यावर चादरीसारखी पसरते आणि लोक तिला "बारीक पानांचा फर्न" म्हणतात. भिंगातून पाहिलं की खवल्यांसारखी चिमुकली पानं ओळीत चिकटलेली दिसतात. तिला पंख्यासारखी पर्णिका नसते.

## टप्पा ३: देठ आणि बुंधा

आता झुपका बाजूला सारून बुंध्याकडे पाहा. रोप उपटायचं नाही. बोटाने शेवाळ हलकेच सरकवलं की दिसतं.

आपल्या फर्नचं जमिनीलगतचं खोड आखूड, आडवं सरकणारं असतं आणि त्यावर सोनेरी-तपकिरी अरुंद शल्कं (खवले) असतात. देठाच्या अगदी तळाशी थोडी शल्कं, त्यावर मात्र देठ स्वच्छ, गुळगुळीत, काळा किंवा गर्द तपकिरी. भिंगातून देठाचा मधला भाग बघा. तिथे केस दिसले तर हा आपला फर्न नाही. ॲडियान्टम इन्सायझम किंवा त्याचा जवळचा कॉडेटम असण्याची शक्यता आहे, आणि त्यांची मुख्य दांडीही केसाळ असते.

देठ हिरवा किंवा फिकट, लांब पट्टीसारख्या पर्णिका दोन्ही बाजूंना ओळीने, तर तो टेरिस व्हिटाटा. त्यालाही चुना प्रिय असल्यामुळे तो याच कड्यांवर आणि गडांच्या भिंतींवर हमखास शेजारी असतो. जमिनीतलं आर्सेनिक शोषून पानात साठवणारा म्हणून २००१ मध्ये गाजलेला फर्न तो हाच. मोठा झाला की गोंधळ होत नाही, पण बोटभर रोपं भलतीच वेगळी दिसतात.

पानाची पाठ पांढऱ्या पुडीने माखलेली असेल, हातावर दाबली की पांढरा ठसा उमटत असेल, तर तो चांदीचा फर्न, ॲल्युरिटॉप्टेरिस. मुलांना हा ठशांचा खेळ फार आवडतो. त्याचाही देठ काळा-तपकिरी चकचकीत असतो, म्हणून "काळा देठ म्हणजे हंसराज" हे समीकरण इथेच सोडून द्या.

तपासा: देठ काळा, चकचकीत, बिनकेसाचा, पाठ बिनपुडीची. चारही जुळलं तरच पुढे जा.

## टप्पा ४: पान कितीदा विभागलंय?

झुपक्यातलं सगळ्यात मोठं, पूर्ण उलगडलेलं पान निवडा. सगळ्यात सुंदर नाही, सगळ्यात मोठं.

मुख्य दांडीवर थेट पर्णिकाच बसल्या असतील तर विभागणी एकदा. दांडीला बाजूच्या फांद्या आणि त्या फांद्यांवर पर्णिका असतील तर दोनदा. कॅपिलस-व्हेनेरिस साधारणपणे दोनदा विभागलेला असतो, तळाकडे कधी तीनदा. टोकाकडे मात्र तो एकदाच विभागलेला दिसतो, त्यामुळे तळाचा भाग मोजायचा. चांगलं वाढलेलं पान १५ ते ३० सेंटिमीटर भरतं. कोरड्या भेगेतलं बिचारं ५ सेंटिमीटरवरच थांबतं.

एकदाच विभागलेले तीन भाऊबंद इथे गळतात. सह्याद्रीतला ॲडियान्टम फिलिपेन्स: अर्धचंद्रासारख्या पर्णिका लांब दांडीवर एकेरी ओळीत, सगळं गुळगुळीत. आपण गडाच्या वाटेवर ज्याला हंसराज म्हणतो तो बहुतेकदा हाच. दुसरा केसाळ इन्सायझम, जो मागच्या टप्प्यातच गळाला. तिसरा हिमालयातला एजवर्थाय. या तिघांची पानं टोकाशी लांब होऊन जमिनीला टेकतात आणि तिथे नवं रोप धरतात. आपला फर्न असं करत नाही. पण टोकाला रोप नाही म्हणून उलटा निष्कर्ष काढू नका. त्या तिघांचंही प्रत्येक पान टोकाशी रुजतंच असं नाही.

सावध: रोप कोवळं असेल तर इथेच थांबा. कॅपिलस-व्हेनेरिसचं बाळरोप दोन-तीन पर्णिकांचंच असतं आणि ते कशासारखंही दिसतं. शेजारी मोठं रोप आहे का ते शोधा, नसेल तर ओळख "ॲडियान्टम, कोवळं" एवढीच लिहा.

## टप्पा ५: पर्णिका दांडीला कुठे जुळते

दोनदा किंवा त्याहून जास्त विभागलेलं पान हाती आलं की उरलेले उमेदवार थोडे: आपला फर्न, कुंडीतला रॅडिॲनम, बागेतला टेनेरम, आणि मसुरीहून वर गेलात तर व्हेनुस्टम.

टेनेरम इथे सुटतो. एक पर्णिका आभाळाकडे धरून तिच्या देठाचं टोक भिंगातून पाहा. टेनेरममध्ये काळा रंग पर्णिकेच्या तोंडाशी एका फुगीर गाठीवर झटकन संपतो, जणू कुणी तिथे रेघ मारलीय, आणि वाळल्यावर पर्णिका त्या सांध्यातून गळतात. कॅपिलस-व्हेनेरिसमध्ये अशी गाठ नसते. काळा रंग पर्णिकेच्या तळात किंचित शिरतो आणि शिरांमध्ये विरत जातो.

हे दुरून फोनने टिपता येत नाही. भिंगच लागतं.

## टप्पा ६: शिरा कुठे संपतात

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, कारण लोक चुकीची पर्णिका निवडतात.

फळलेल्या पर्णिकेची, म्हणजे बीजुककोश धरणारीची, कड आत दुमडलेली असते. त्यामुळे शिरेचं टोक दिसतच नाही. वांझ पर्णिका हवी: जिची बाहेरची कड सपाट आहे, दुमडलेली नाही. ती बहुधा झुपक्याच्या खालच्या, सावलीतल्या पानांवर किंवा पानाच्या तळाशी मिळते. दहा पर्णिका तपासा, एक तरी सापडते.

ती आभाळासमोर धरा. तळातून निघालेल्या शिरा पंख्याच्या काड्यांसारख्या दुभंगत कडेकडे जातात. एकमेकींना मिळून जाळी करत नाहीत. आता कडेवरचे बारीक दात बघा. कॅपिलस-व्हेनेरिसमध्ये शीर दाताच्या टोकात जाऊन संपते. रॅडिॲनममध्ये ती दोन दातांमधल्या खाचेत संपते. एवढाच फरक, पण पक्का. घरच्या कुंडीवर आधी पाहिलेला असेल तर कड्याखाली दहा सेकंदांत कळतो, नसेल तर अर्धा तास डोळे ताणूनही खात्री होत नाही.

चुन्याच्या ठिबकीखाली आणखी एक अडथळा येतो. पर्णिकेवर पांढरा लेप चढतो, शिरा झाकल्या जातात, आणि लेपाच्या वजनाने कड वळून दुमडल्यासारखी दिसते. आधी लेपासकट फोटो काढा. मग तोडलेली एक पर्णिका तळहातावर घेऊन तिच्यावर व्हिनेगरचा थेंब सोडा. ती चुरचुरते, लेप विरघळतो, पाण्याने धुतली की शिरा स्वच्छ दिसतात. हे जिवंत रोपावर करायचं नाही.

तपासा: किमान तीन वेगवेगळ्या वांझ पर्णिकांवर शिरेचं टोक पाहिलं का? एका दातावरून निकाल देऊ नका. कुरतडलेली कड फसवते.

## टप्पा ७: पान उलटा

आता त्या न आलेल्या फोटोची बाजू. फळलेली पर्णिका पाठ वर करून वहीच्या पानावर ठेवा आणि चिमट्याने एका कोपऱ्यात दाबून धरा.

बाहेरच्या कडेवर लहान लहान झडपा आत मुडपलेल्या दिसतील. ही वेगळी पुंजत्राणं (बीजुककोशांच्या पुंजक्यांवरची पांघरुणं) नव्हेत, पर्णिकेची कडच आहे. टाचणीचं टोक एका झडपेखाली घाला आणि ती सावकाश मागे वळवा. आता विचारायचा प्रश्न एकच: बीजुककोश कशाला चिकटले आहेत? झडपेच्या आतल्या बाजूला चिकटलेले असतील, झडपेबरोबर वर उचलले जात असतील, तर वंश ॲडियान्टम, शंभर टक्के. झडप उचलली आणि बीजुककोश खाली पानावरच राहिले, तर तो टेरिस, ॲल्युरिटॉप्टेरिस किंवा दुसरा कुणी. मागच्या टप्प्यांत कुठेतरी चूक झाली आहे. बीजुककोशांचे पुंजके कडेपासून दूर, शिरेवर रेघेसारखे असतील तर ॲस्प्लेनियम या दुसऱ्या फर्न वंशाकडे वळा.

उन्हात ही झडप उघडून भिंगाखाली धरली की कधीकधी एक गंमत दिसते. तपकिरी मण्यांसारखे कोश वाळतात, त्यांच्याभोवतीचा पट्टा ताणला जातो आणि एकेक कोश टपकन उलटून बीजुकं उडवतो. पर्णिका हातात फुटाण्यासारखी तडतडते असं वाटतं, आवाज मात्र येत नाही. पाहत बसलात तर तपासायला कोश उरत नाहीत, म्हणून आधी नोंद.

वंश ठरला, आता जात. झडपेचा आकार पाहा:

- कॅपिलस-व्हेनेरिस: लांबट किंवा चंद्रकोरीसारखी, साधारण १ ते ३ मिलिमीटर, कधी त्याहून लांब, एका पर्णिकेवर अनेक.
- रॅडिॲनम: गोल किंवा मूत्रपिंडाच्या आकाराची, खाचेत बसलेली. पर्णिकाही लहान आणि संख्येने खूप. पूर्ण पान त्रिकोणी, तीन-चार वेळा विभागलेलं.
- व्हेनुस्टम: प्रत्येक पर्णिकेवर एखाददुसरीच, वरच्या कडेच्या खाचेत. कडेला बारीक तीक्ष्ण दात, आणि खोड दूरवर सरपटणारं, त्यामुळे पानं झुपक्यात न येता सुटी सुटी उगवतात.

माझी स्वतःची चूक इथलीच. पुणे जिल्ह्यातल्या एका बारवेच्या आतल्या भिंतीवर, चुन्याच्या दर्जेत, पाण्याच्या वर हातभर, असा झुपका दिसला की मी टप्पे न मोजता "कॅपिलस-व्हेनेरिस" लिहून मोकळा झालो. जागा इतकी पुस्तकी होती की पान उलटलंच नाही. दोन वर्षांनी दाबलेला नमुना पुन्हा काढला तेव्हा झडपा गोल निघाल्या, टिकलीसारख्या. कुणाच्या तरी अंगणातल्या कुंडीतली बीजुकं वाऱ्यावर आली असणार. त्या दिवसापासून जागा कितीही पटण्यासारखी असली तरी ती मी वहीत एका ओळीपुरतीच ठेवतो.

सावध: कोवळ्या पर्णिकेची झडप फिकट हिरवट, जवळजवळ पारदर्शक असते आणि आकार नीट कळत नाही. जास्त पिकलेली झडप वाळून मागे वळलेली असते आणि लांबट असूनही गोल वाटते. तपकिरी झालेली पण अजून बंद असलेली झडपच मोजा.

सावध: तोडलेलं पान काही मिनिटांत आकसतं आणि सगळ्याच कडा दुमडल्यासारख्या दिसतात. टप्पा ६ आणि ७ कड्याशीच उरका. "हॉटेलवर जाऊन बघू" म्हणालात की तिथे पाहायला चुरगळलेला हिरवा दोरा मिळतो.

## टप्पा ८: फोटो आणि नमुना

फोटो या क्रमाने काढा, म्हणजे एखादा राहून जात नाही: कडा आणि जागा, पूर्ण झुपका मोजपट्टीसह, बुंधा आणि शल्कं, एक पूर्ण पान वरून, तेच पान पाठीकडून, वांझ पर्णिका आभाळासमोर, फळलेल्या पर्णिकेची पाठ, उघडलेली झडप. शेवटचे तीन भिंग फोनच्या लेन्सला टेकवून काढता येतात. श्वास रोखा, आणि एकाऐवजी दहा काढा.

ओळख सांगणाऱ्या ॲपला पहिले चार फोटो दाखवलेत तर ते "मेडनहेअर" म्हणेल. वंशापर्यंत ते बरोबर असतं. पुढचं जातीचं नाव अंदाज समजा. झडपेचा फोटो त्याला वाचता येत नाही, तुम्हाला येतो.

परवानगी असेल आणि झुपका मोठा असेल तर एकच पान घ्या. तिथल्या तिथे कागदाच्या घडीत ठेवा, दोन-तीन पर्णिका पाठ वर करून पसरा, पुठ्ठ्यात दाबा. पहिले तीन दिवस कागद रोज बदला, नाहीतर बुरशी धरते. बीजुकं हवी असतील तर पिकलेली एक फांदी पांढऱ्या कागदावर पाठ खाली करून रात्रभर वहीखाली ठेवा. सकाळी कागदावर तपकिरी पूड उमटलेली असते.

## पाण्यात बुडवण्याची चाचणी, आणि ती कुठे थांबते

हंसराजाचं पान पाण्यात बुडवलं की चांदीसारखं चमकतं आणि बाहेर काढलं की कोरडं असतं, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. ॲडियान्टम या ग्रीक नावातच "न भिजणारा" असा अर्थ आहे. चाचणी खरी आहे, पण भाऊबंदही असेच कोरडे राहतात. तिने जात कळत नाही. वंशाचा अंदाज येतो, आणि सोबत मुलं असतील तर करमणूक होते.

## निकाल लिहायचा कसा

दोनदा विभागलेलं पान, बिनकेसाचा काळा देठ, दाताच्या टोकात संपणारी शीर, लांबट झडप आणि झडपेलाच चिकटलेले बीजुककोश: पाचही जुळले तर जातीचं नाव लिहा. चारच पाहता आले तर कुठलं राहिलं ते लिहा आणि नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवा. वांझच पानं मिळाली तर "ॲडियान्टम, जात अनिश्चित" ही पूर्ण, प्रामाणिक नोंद आहे. नोव्हेंबरमध्ये पुन्हा जाता येतं.

माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे, तशीच उतरवतो:

सहस्रधारा, गुहेच्या तोंडाशी, उजवी भिंत, गुडघ्याच्या उंचीवर. ठिबक चालू, चुन्याचा लेप. पूड चुरचुरली. पान २२ सेंमी, दोनदा विभागलेलं. देठ काळा, केस नाहीत. शीर दातात (४ पर्णिका पाहिल्या). झडपा लांबट, २ मिमी, कोश झडपेला. खोड पाहिलं नाही, भेग खोल होती. कॅपिलस-व्हेनेरिस. पान घेतलं नाही.